सोवळेपणा आणि उत्तरदायित्व

शर्टाच्या कॉलरच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर एका देशाचे नाव, धाग्यांचे प्रमाण आणि धुण्याच्या सूचना एवढाच मजकूर असतो. त्या देशाच्या नावाचा अर्थ सहसा इतकाच की कापडाचे तुकडे जोडून त्यांचा शर्ट तेथे झाला. कापूस कोठे पिकला, कोणी वेचला, सूत कोठे निघाले, कापड कोठे रंगले आणि रंगाचे पाणी कोणत्या प्रवाहात सोडले गेले, याविषयी ती चिठ्ठी काही सांगत नाही. पुष्कळदा ते सांगणे तयार कपडे विकणाऱ्या कंपनीलाही शक्य नसते. कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. गाठीवर क्रमांक असला तरी सूतगिरणीत ती फोडली की तिची ओळख संपते, कारण सुताची जाडी आणि मजबुती एकसारखी राहावी म्हणून गिरणीत वेगवेगळ्या शेतांतल्या, प्रांतांतल्या, कधी वेगवेगळ्या देशांतल्या गाठी शेजारी शेजारी मांडून त्यांतली रुई मुद्दाम एकत्र केली जाते. यात लबाडी नाही. चांगले सूत काढण्याची रीतच ती आहे. चॉकलेटची गोष्ट याहून वेगळी नाही. प्रमाणित बागांतून जेवढे टन कोको घेतले तेवढ्या टनांच्या मालावर शिक्का मारण्याची मुभा अनेक प्रमाणपत्र योजना देतात. शिक्का असलेल्या वडीत त्याच बागांतले कोको असेल अशी हमी त्यात नसते. हिशेब वहीत जुळतो, वस्तूत जुळेलच असे नाही.

म्हणून ‘हे कोठून आले?’ हा प्रश्न सरळ दिसत असला तरी त्याला एका गावाचे नाव हे उत्तर नसते. तरीही तो विचारावाच लागतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ सालासाठीच्या अंदाजानुसार सर्व क्षेत्रे मिळून जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती; २०२४ सालासाठीच्या अंदाजानुसार १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत होती आणि त्यांतली सुमारे ६१ टक्के शेतीच्या कामात. यांतल्या बऱ्याच मुलांच्या श्रमाचा दूरच्या बाजारपेठेशी संबंध नाही, ती घरच्याच शेतात राबतात, हे खरे आहे. पण ज्यांचा आहे त्यांची संख्याही लहान नाही, आणि आपल्या ताटातल्या घासाची व अंगावरच्या कापडाची वाट त्यांच्या हातांवरून जाते हे कळल्यावर, कळलेच नाही असे वागता येत नाही.

हे कळल्यावर माणसे बहुधा दोनांपैकी एक मार्ग धरतात. काही जण खांदे उडवतात: जग असेच चालते, एकट्याने काय होणार? दुसरे मात्र मनावर घेतात, याद्या वाचतात, शिक्के शोधतात, अमुक कंपनीचे घेत नाहीत, तमुक देशाचे खात नाहीत. या दुसऱ्या मंडळींविषयी मला आदर आहे, आणि माझे म्हणणे त्यांच्याशीच आहे. कारण त्यांच्या प्रयत्नात एक धोका दडलेला असतो, आणि त्याला मराठीत एक नेमका शब्द आहे: सोवळेपणा. सोवळ्याची सारी काळजी स्वतःला शिवले गेले की नाही याची असते. ज्याला दूर ठेवले त्याचे पुढे काय झाले याची चौकशी सोवळ्यात येत नाही. वस्तूच्या मुळाविषयीचा नैतिक विचार असा आपल्या स्वच्छतेपाशी येऊन थांबला, तर ज्याच्यासाठी तो सुरू झाला तोच माणूस त्यातून निसटतो. दूर होणे हा या विचाराचा एक संभाव्य निष्कर्ष आहे. त्याचा आरंभ मात्र वस्तूने बांधून दिलेले नाते ओळखण्यापासून व्हायला हवा.

या विचाराचा इतिहास जुना आहे. १७९१ साली ब्रिटनमध्ये विल्यम फॉक्स याने वेस्ट इंडीजची साखर सोडण्याचे आवाहन करणारी एक पुस्तिका काढली. तिच्यात एक गणित होते: आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने ती २१ महिने वर्ज्य केली, तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळते. गणित अर्थातच असे चालत नाही. एका घरातली साखर बंद झाल्याने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जहाजात एक माणूस कमी चढत नाही. पण या गणिताने माणसे हलली. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली, आणि पर्याय म्हणून ‘गुलामांनी न पिकवलेली’ साखर विकली जाऊ लागली. गंमत अशी की साखर सोडणाऱ्या या घरांतले सुती कपडे त्याच काळात मोठ्या प्रमाणावर वेस्ट इंडीज आणि ब्राझीलमधल्या गुलामांच्या कापसाचे होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तर लँकेशायरच्या गिरण्यांतला तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मळ्यांतून येत होता. साखरेचा कप सोवळ्यात होता, आणि तो हातात धरणाऱ्याच्या अंगावरचे कापड ओवळे होते.

या विसंगतीकडे बोट दाखवून त्या लोकांना ढोंगी ठरवणे सोपे आहे, पण तसे केल्यास त्या बहिष्काराने खरे काय साधले ते दिसत नाही. साखर स्वयंपाकघरात येत होती आणि स्वयंपाकघर बायकांच्या हाती होते. मताचा अधिकार नसलेल्या बायकांना त्या नकाराने एक सार्वजनिक बोलणे मिळाले. १७९२ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश संसदेकडे ५१९ अर्ज गेले. व्यापार बंद करणारा कायदा १८०७ साली झाला, गुलामगिरी संपवणारा १८३३ साली. फॉक्सचा हिशेब चुकीचा होता. पण ज्यांनी साखर सोडली ते साखर सोडून थांबले नाहीत. त्यांचा नकार अर्जावरच्या सहीपर्यंत पोचला, म्हणून त्याला वजन आले. तो घरापुरता राहिला असता तर ब्रिटनमध्ये काही हजार निर्दोष चहाचे पेले तेवढे तयार झाले असते. (सोवळ्याची मर्यादा कायद्यातही दिसली: १८३३ च्या व्यवस्थेत दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली ती मालकांसाठी, ज्यांचे श्रम लुटले गेले त्यांच्या हाती एक पेनीही आली नाही. देशाने हात धुतले, देणे मात्र भलत्यालाच दिले.)

नुसते दूर होणे किती महागात पडू शकते, आणि ते दूर होणाऱ्याला नव्हे तर दूर लोटल्या गेलेल्याला, याचे अलीकडचे उदाहरण बांगलादेशातले आहे. १९९२ साली अमेरिकी सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले आणि १९९३ साली ते पुन्हा आणले. ते कधी संमत झाले नाही, पण त्याच्या नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांनी मुलांना कामावरून काढून टाकले. ही संख्या पन्नास हजारांच्या आसपास सांगितली जाते, आणि त्यांत बहुतेक मुली होत्या. त्या शाळेत गेल्या नाहीत. युनिसेफच्या १९९७ च्या वार्षिक अहवालाने नोंदवल्याप्रमाणे त्यांतल्या अनेकींना खडी फोडण्याचे, रस्त्यावरचे किंवा वेश्याव्यवसायातले, म्हणजे शिलाईयंत्रापेक्षा अधिक धोक्याचे आणि अधिक हलाखीचे काम पत्करावे लागले. विधेयकामागचा हेतू वाईट नव्हता. लहान मुलीच्या हातचा कपडा आपल्या दुकानात नको, ही भावना कोणालाही समजेल. पण त्या भावनेचे वाक्य ‘आपल्या दुकानात नको’ येथे संपत होते, आणि मुलीचे आयुष्य तेथून पुढे चालू होते.

नंतर जे झाले त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही, आणि शिकण्यासारखे आहे ते तेथेच. जुलै १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी शाळा उघडायच्या, बुडालेल्या मजुरीची काही भरपाई म्हणून दरमहा थोडे पैसे द्यायचे, आणि शाळेची सोय होईपर्यंत मुलाला कामावरून काढायचे नाही, असे त्यात ठरले. योजना अपुरी होती आणि काढून टाकलेल्यांतल्या बहुतेकांपर्यंत ती पोचलीही नाही. पण तिच्यात प्रश्नाची मांडणी बदललेली होती: मूल कामावर दिसू नये यासाठी काय करावे, या जागी मूल कामावर असू नये यासाठी काय लागते, हा प्रश्न आला. दिसण्यातल्या आणि असण्यातल्या या अंतराकडे लक्ष न देणारा कोणताही बहिष्कार मला संशयास्पद वाटतो.

मग बहिष्कार सगळेच निरुपयोगी का? नाही. काही बहिष्कारांनी फार मोठे काम केले आहे, आणि त्यांत एक समान गोष्ट सापडते. कॅलिफोर्नियातल्या डेलॅनो परिसरात सप्टेंबर १९६५ मध्ये द्राक्षमळ्यांवरच्या फिलिपिनो मजुरांनी संप सुरू केला, मेक्सिकन वंशाचे मजूर त्यांना येऊन मिळाले, आणि संप रेंगाळल्यावर त्यांनीच शहरांतल्या गिऱ्हाइकांना द्राक्षे न घेण्याची विनंती केली. जुलै १९७० मध्ये मळेवाल्यांनी संघटनेशी करार केले. उझबेकिस्तानात सरकार दर शरद ऋतूत कापूस वेचण्यासाठी मुलांना, आणि नंतर शिक्षक, डॉक्टर व विद्यार्थ्यांना सक्तीने शेतांवर पाठवत असे. तेथल्याच मानवाधिकार कार्यकर्त्यांनी जोखीम पत्करून पुरावे गोळा केले आणि जगाला हा कापूस घेऊ नका असे सांगितले. तीनशेहून अधिक ब्रँडांनी तशी हमी दिली, आणि २०२१ च्या हंगामात सरकारी पातळीवरची पद्धतशीर सक्ती आढळली नाही, हे स्वतंत्र निरीक्षणातून दिसल्यावर मार्च २०२२ मध्ये तो बहिष्कार मागे घेण्यात आला. दोन्ही ठिकाणी बोलावणे आतून आले होते, मागणी ठरलेली होती, आणि काय झाले म्हणजे आम्ही परत येऊ हेही सांगितलेले होते. परतीची वाट ठेवलेला नकार हा एक प्रकारचा संवादच असतो. ज्या नकाराला परतीची वाट नाही, तो फक्त निघून जाणे असतो.

चीनमधल्या शिनजियांगच्या कापसाचा प्रश्न या कसोटीवर सर्वांत अवघड आहे. जगातल्या कापसाचा सुमारे पाचवा हिस्सा तेथे पिकतो. तेथल्या उइघुर व इतर मुस्लिम समाजांना सक्तीने कामावर पाठवले जाते, असे अनेक संशोधकांचे आणि सरकारांचे म्हणणे आहे, आणि चीन ते नाकारतो. तेथल्या मजुराला मोकळेपणाने बोलता येत नाही, आणि म्हणूनच कामगारांच्या परिस्थितीची तपासणी करणाऱ्या अनेक संस्थांनी २०२० मध्ये तेथे काम न करण्याचे ठरवले. जून २०२२ पासून लागू झालेला अमेरिकी कायदा त्या प्रदेशातला माल सक्तीच्या श्रमाचा आहे असे गृहीत धरतो आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आयात करणाऱ्यावर टाकतो. जेथे आतून हाक देणेच अशक्य केले आहे, तेथे हाकेची वाट पाहत राहणे हा दंभ ठरेल. म्हणून येथे मी दूर होण्याच्या बाजूचा आहे. पण दूर झाल्याने तेथल्या माणसाचे भले झाले असे मात्र मी म्हणणार नाही. एका अन्यायात भागीदार न होणे एवढेच त्यातून साधते, आणि तेवढ्यासाठीही ते करावे.

दुसरा लोकप्रिय मार्ग प्रमाणपत्रांचा. त्याची परीक्षा ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीत झाली. एका कपडे कारखान्याला कामाच्या चांगल्या परिस्थितीबद्दल आंतरराष्ट्रीय मान्यतेचे प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. त्या दिवशीच्या आगीत तेथे अडीचशेहून अधिक कामगार मेले. आग खंडणीखोरांनी लावली होती असा निकाल पुढे तेथल्या न्यायालयाने दिला. पण खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या, ते काही खंडणीखोरांचे काम नव्हते. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. तिच्यातल्या काही कारखान्यांचीही सामाजिक तपासणी झालेली होती. तपासनिसांच्या प्रपत्रात कामाचे तास होते, हजेरीपट होता, इमारतीच्या खांबांचा रकाना नव्हता.

राणा प्लाझाच्या आदल्या दिवसाकडे थोडे थांबून पाहायला हवे. २३ एप्रिलला भिंतींना आणि खांबांना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली, त्यांचे कर्मचारी वाचले. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी आत जायला लावले गेले. न आल्यास पगार कापण्याच्या धमक्या होत्या. धोका सगळ्यांना सारखाच ठाऊक होता. फरक इतकाच की बँकेच्या कारकुनाला ‘मी आत जाणार नाही’ म्हणणे परवडत होते आणि शिलाईवालीला ते परवडत नव्हते. त्या इमारतीतल्या एकाही कपडे कारखान्यात कामगार संघटना नव्हती. बाहेरून येऊन दिवसभरात परतणाऱ्या तपासनिसाला जे दिसले नाही ते आतल्या हजारो डोळ्यांना दिसत होते, आणि त्या डोळ्यांना अधिकार नव्हता. म्हणून वस्तू कोठून आली यापेक्षा, ती बनवणाऱ्याला नाही म्हणता येत होते का, हा प्रश्न मला मूळचा वाटतो. देश, अंतर, शिक्का ही सारी या प्रश्नाची कमी-अधिक वाईट रूपांतरे आहेत.

याच प्रश्नाला धरून राहिलेल्या दोन व्यवस्थांचे अनुभव सांगण्यासारखे आहेत. राणा प्लाझानंतर काही आठवड्यांत बांगलादेशातल्या आग व इमारत सुरक्षेसाठी एक करार झाला, ज्याला अकॉर्ड म्हणतात. त्याच्या एका बाजूला दोन जागतिक कामगार महासंघ होते आणि दुसऱ्या बाजूला ब्रँड, ज्यांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. सोळाशेहून अधिक कारखान्यांची पाहणी झाली, अहवाल सर्वांना वाचण्यासाठी खुले ठेवले गेले, कामगारांना तक्रार करण्याची आणि धोकादायक जागी काम नाकारण्याची सोय झाली. मुख्य म्हणजे हा करार कायद्याने बंधनकारक होता: दुरुस्तीचा खर्च भागेल अशी सोय करणे ब्रँडांवर होते, आणि ते जबाबदारी टाळत आहेत असे वाटल्यावर महासंघांनी २०१६ मध्ये दोन ब्रँडांना हेगच्या लवाद न्यायालयात नेले. त्यांतल्या एकाने २० लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजून प्रकरण मिटवले. फ्लोरिडातल्या इमोकाली येथील टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी याच धर्तीची व्यवस्था आधीच उभी केली होती. ज्या भागात सक्तीच्या श्रमाचे खटले एकामागून एक उभे राहत होते, तेथे त्यांनी मळेवाल्यांशी भांडत बसण्याऐवजी टोमॅटो घेणाऱ्या मोठ्या साखळ्यांना गाठले. एका फास्ट फूड साखळीवरचा त्यांचा बहिष्कार २००१ ते २००५ असा चार वर्षे चालला. मागणी पौंडामागे एका सेंटची होती, पण तिच्या जोडीला एक अट होती: नियम मोडणाऱ्या मळ्याचा माल या साखळ्यांनी घ्यायचा नाही. २०११ पासून फ्लोरिडातल्या बहुतेक टोमॅटो मळ्यांवर ही पद्धत आली. सावली, पिण्याचे पाणी, लैंगिक छळाविरुद्धची दाद या गोष्टी मिळाल्या, त्या एका शिक्क्याने मिळाल्या नाहीत. मजुराच्या तक्रारीमागे गिऱ्हाइकाच्या पैशाचा जोर बांधला गेला, म्हणून मिळाल्या.

येथे अर्थशास्त्राच्या बाजूने येणारा आक्षेप घ्यायलाच हवा. तो असा की या कारखान्यांत माणसे स्वतःहून येतात, कारण त्यांच्या गावात याहून बरे काही नसते. शिलाईच्या कामाने लाखो स्त्रियांच्या हाती प्रथमच स्वतःचा पैसा आला, लग्नाचे वय पुढे गेले, धाकट्या बहिणी शिकल्या. हे मी नाकारत नाही. बांगलादेशातल्या त्या मुलींची हकीकत त्याच्याच बाजूने साक्ष देते. पण या युक्तिवादात तुलना नेहमी मजुराच्या दोन वाईट पर्यायांची होते, खरेदीदाराच्या दोन पर्यायांची कधीच होत नाही. कपड्याच्या किरकोळ किमतीत शिवणाऱ्याच्या मजुरीचा वाटा फार तर काही टक्के असतो. ती मजुरी थोडी वाढली तर कारखाने बंद पडून ती बाई शेतात परत जाईल, असे म्हणणाऱ्याने निदान एवढे तरी सांगावे की उरलेला वाटा अढळ का मानायचा. मार्च २०२० मध्ये साथीमुळे दुकाने बंद झाली तेव्हा ब्रँडांनी बांगलादेशातल्या ३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्या रद्द केल्या किंवा लांबणीवर टाकल्या. त्यांत शिवून तयार झालेला माल होता, ज्याचे कापड कारखानदाराने स्वतःच्या पैशाने घेतले होते. साखळीच्या एका टोकाला तोटा आला की तो दुसऱ्या टोकाला किती झटपट पोचतो, हे तेव्हा दिसले.

नफा मात्र तसा पोचत नाही. जगातले निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकते. तेथल्या बागांत मुले कोयता घेऊन शेंगा फोडतात, आणि हे थांबवण्यासाठी चॉकलेट उद्योगाने २००१ साली दिलेल्या वचनाची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठातल्या एनओआरसी या संस्थेच्या पाहणीने या दोन देशांतल्या कोकोच्या कामात सुमारे १५ लाख ६० हजार मुले असल्याचे म्हटले. मुलाला बागेत का नेले याचे बागवानाकडे साधे उत्तर असते: मजूर लावायला पैसे नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हाही या शेतकऱ्यांच्या हाती सरकारने आधीच ठरवून दिलेला, त्याहून कितीतरी कमी भाव पडला, कारण बराच माल आगाऊ विकून झालेला होता. अशा घराला तपासनीस पाठवून ‘मूल कोठे आहे’ असे विचारणे, आणि भावाबद्दल अवाक्षर न काढणे, यापेक्षा उघडा सोवळेपणा मला माहीत नाही.

कायद्यांकडून आशा ठेवावी का? ठेवावी, पण त्यांचा मजकूर वाचून. ब्रिटनचा आधुनिक गुलामगिरीविषयीचा २०१५ चा कायदा मोठ्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन काढायला लावतो. मात्र ‘आम्ही या बाबतीत काहीही केलेले नाही’ असे निवेदन दिले तरी कायदा पाळला जातो. फ्रान्सने २०१७ साली त्याहून पुढे जाऊन मोठ्या कंपन्यांवर दक्षतेचे कर्तव्य टाकले आणि ते न पाळल्यास भरपाईसाठी न्यायालयाची वाट उघडली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याच दिशेचा निर्देश संमत केला आणि पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. माहिती देण्याच्या सक्तीने काही होतच नाही असे मात्र नाही. युरोपीय संघात २००४ पासून अंड्याच्या कवचावर छापला जाणारा संकेत एका अंकाने सुरू होतो: शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे मोकळी फिरणारी कोंबडी, दोन म्हणजे बंदिस्त पण पिंजऱ्याबाहेर, तीन म्हणजे पिंजरा. हा अंक सगळ्यांना सक्तीचा आहे, तो वस्तूवरच आहे आणि त्यात जाहिरातीला जागा नाही. स्वेच्छेचा शिक्का चांगल्याची जाहिरात करतो. सक्तीचा अंक वाईटालाही स्वतःचे नाव सांगायला लावतो.

अंड्यांवरून एक कबुली देणे भाग आहे. ज्याने वस्तू दिली त्याला नाही म्हणता येत होते का, ही माझी कसोटी प्राण्यांपाशी कोलमडते. कोंबडी संप करत नाही आणि गाय लवादाकडे जात नाही. मांसासाठी दरवर्षी मारल्या जाणाऱ्या जमिनीवरच्या प्राण्यांची संख्या आता ऐंशी अब्जांच्या घरात आहे, आणि त्यांच्या बाबतीत परतीची वाट ठेवलेला संवाद वगैरे भाषा पोकळ ठरते. तेथे वर्ज्य करणाऱ्याला मी सोवळा म्हणणार नाही. तेथे न खाणे हा दुसऱ्याच्या वतीने दिलेला नकार आहे, कारण तो स्वतः देऊ शकत नाही.

जवळचे ते चांगले, हे सूत्रही या चर्चेत नेहमी येते. त्याचे फार कौतुक करण्याचे कारण मला दिसत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अडतीस हजारांहून अधिक शेतांची आकडेवारी एकत्र करणाऱ्या एका अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे सहा टक्केच निघाला. काय पिकवले आणि कसे पिकवले याचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे. आणि मजुराला शेजारच्या शेतातही नाही म्हणता येत नसेल, तर शेजार ही नीती होत नाही.

उरतो तो आपण विकत घेणाऱ्यांचा भाग. अमेरिकी विचारवंत आयरिस मॅरियन यंग यांनी दोष आणि जबाबदारी यांत केलेला फरक मला येथे उपयोगी वाटतो: ज्या व्यवस्थेत आपण सहभागी आहोत तिच्या अन्यायाचा प्रत्येक वेळी आपल्याला दोष लागेलच असे नाही, पण ती बदलण्याची जबाबदारी सहभागामुळेच येते, आणि ती एकट्याने पार पाडता येत नाही. दोषाची भाषा माणसाला खरेदीच्या यादीकडे नेते आणि तेथे एकटे सोडते. जबाबदारीची भाषा त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे, संघटनेकडे, लोकप्रतिनिधीकडे नेते. कपडे कमी घ्यावेत, जास्त दिवस वापरावेत, हे ठीकच आहे. पण तेवढ्यावर ज्याचे समाधान होते त्याने १७९१ ची साखर आठवावी. कोणत्या ब्रँडचा शर्ट घेतला यापेक्षा, त्या ब्रँडने बंधनकारक करारावर सही केली आहे का हे त्याला किती जणांनी मिळून विचारले, याला मी अधिक महत्त्व देतो.

राणा प्लाझा कोसळल्यावर अनेक कंपन्यांनी आपला माल तेथे शिवला जात नव्हता असे सांगितले, किंवा त्या काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा बांगलादेशातले कामगार कार्यकर्ते ढिगाऱ्यात उतरले आणि तुटलेल्या काँक्रीटखालून कपडे, मागणीची कागदपत्रे आणि शिवायच्या राहिलेल्या चिठ्ठ्या शोधू लागले. कॉलरच्या आत शिवायची तीच चिठ्ठी, जी गिऱ्हाइकाला जवळजवळ काही सांगत नाही, ती तेथे पुरावा झाली: हे नाव येथे होते, या माणसांनी यांच्यासाठी काम केले, आता यांनी द्यावे. मृतांच्या कुटुंबांसाठी आणि जखमींसाठी ठरवलेला ३ कोटी डॉलरचा निधी स्वेच्छेच्या देणग्यांवर ठेवलेला होता. तो भरायला जून २०१५ उजाडले.